ड्वेनचा तिसरा क्लब

अमेरिकेत तुल्साजवळच्या रेंजवर पिस्तुलाच्या नेमबाजी सामन्यासाठी नावनोंदणीची रांग लागली होती. रोवेनाचा हा पहिलाच सामना. तिच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"ड्वेन, हात खिशातून काढ बघू."

"थंडी आहे, लोरीन."

"मला नाही वाजत ती?"

"इथे पिस्तूल कमरेवरून काढायचं नसतं, टेबलावरून उचलायचं. म्हणून तर एवढ्या लांब आलो."

"मागच्या, दुसऱ्या क्लबमध्येही टेबलावरूनच उचललंस. हात थरथरला, नळी मागच्या लोकांकडे वळली, आणि त्यांनी तुला कायमचं घरी पाठवलं."

"ते भारी कडक. इथले नियम सैल आहेत."

"नियम सैल असले म्हणून गोळी हळू लागते का?"

"मग रविवारी काय करू? घरात बसून भिंतीकडे बघू?"

"बघ की. मी बघतेच आहे तुझ्याकडे."

"इथे मला कुणी ओळखत नाही. तू सांगणार आहेस का त्यांना?"

नावं लिहून घेणाऱ्या माणसाने ड्वेनला एकत्र पाळीपाळीने नेम मारणाऱ्यांच्या तिसऱ्या तुकडीत घातलं, मग रोवेनालाही त्याच तुकडीत. ड्वेन पुढे गेला तशी लोरीन मागे वळली.

"पोरी, त्याची पाळी आली की माझ्याबरोबर गाडीत येऊन बस."