कासवाचा शेरा

बाई : सगळं पुसलं रे, टिल्लू. अख्ख्या वर्गाचं लिखाण. एका बोटाने.

सर : आणि मी एका बोटाने परत आणलं. फिट्टंफाट झाली. ते मागच्या बाकावरचे टॅब द्या इकडे, चार्जिंगला लावतो.

बाई : मला फक्त एका वाक्यावर रेघ मारायची होती. वहीत लाल पेनने मारते तशी. बोट ओढलं तर सगळ्या वर्गाचं मिळून असलेलं ते पानच निळं झालं. घाबरून पुसायचं बटण दाबलं, तर पडदा पांढराफटक!

सर : मुलं काय खूश झाली पण. "बाई, परत एकदा पुसा" म्हणत होती.

बाई : तुझं काय जातंय हसायला? मी आत्ता मोठ्या बाईंकडे जाणार आहे. सांगून टाकते, लेखनाचा तास उद्यापासून टिल्लूकडे द्या.

सर : बाई, शाळेत तरी टिल्लू नको. दारातून वाकून यावं लागतं मला आता.

बाई : माझ्या वर्गात होतास तेव्हा बाकावर उभा केला तरी खिडकीला हात पुरत नव्हता.

सर : आणि तुमचा तास मी घेऊ? माझ्या निबंधाला कधी एक धड शेरा दिलात का तुम्ही?

बाई : निबंध तरी धड हवा होता ना. दर वेळी तीच सहल, तोच सूर्योदय. एकदा तर सहल रद्द झाली होती, तरी तुझा सूर्य उगवलाच.

सर : म्हणून सांगतोय, या मुलांवर माझा सूड उगवू नका.

बाई : चेष्टा पुरे. अरे, यात मला पोरं ओळखू येत नाहीत. वहीतलं अक्षर बघितलं की पोर समोर उभं राहतं. कागद फाटेल इतकं दाबून लिहिलेलं असलं, तर तो पहिलवान. इथे सगळ्यांचं सारखंच, छापल्यासारखं. त्यात तू पडद्यावरची नावं काढून प्राणी करून टाकलंस त्यांना!

सर : नावानिशी कुणी लिहायला धजत नव्हतं. प्राणी झाल्याबरोबर बघा कसे सुटलेत. आणि ओळखू येत नाहीत म्हणे! ससा कोण सांगा?

बाई : आपली बडबडी. "आणि मग" म्हटल्याशिवाय तिचं वाक्य पुढे सरकत नाही.

सर : गेंडा?

बाई : डॉक्टरीणबाईंचा धाकटा. भीती कधी वाटली विचारलं, तर भुताला बदडल्याची गोष्ट लिहून मोकळा.

सर : नाहीच ओळखू येत हो तुम्हाला!

बाई : कासव नाही ओळखू आलं.

सर : असेल कुणीतरी. ती वायर जरा धरता का?

बाई : वायर राहू दे. विषय होता "मला भीती वाटली तो दिवस". मुलांबरोबर तुम्हीही लिहा, असं तूच म्हणालास. मी नोकरीतल्या पहिल्या दिवसावर लिहिलं. "वर्गात पाऊल टाकलं आणि माझी भीती कुठल्या कुठे पळाली."

सर : ऐटदार होतं.

बाई : त्याच्या कडेला कासवाचा शेरा आला. "बाई, मग त्या दिवशी हजेरी दोनदा का घेतलीत?"

सर : आगाऊ दिसतंय कासव.

बाई : या पोरांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, टिल्लू.

सर : घरी सांगितलं असेल कुणी. एखाद्याची आई, नाहीतर मामा...

बाई : आणि त्याखाली, "पुन्हा लिहा. खरं लिहा." हे लिहून लिहून मी कुणाच्या वहीवर लाल पेनं संपवली?

सर : बरं, मीच कासव. मागच्या बाकावर टॅब घेऊन बसलो होतो, राहवलं नाही. आता एक विचारू? ती रेघ कुणाच्या वाक्यावर मारत होतात?

बाई : माझ्याच. त्या भीती पळाल्याच्या.

सर : मग बरोबरच चाललं होतं की. जरा जास्त पुसलं गेलं, इतकंच.

बाई : सगळी पोरं बघत होती. वाटलं, संपलं आपलं. या वयात कशाला हसं करून घ्यायचं?

सर : मोठ्या बाई ऑफिसातच आहेत. जायचं तर जा, मी अडवणार नाही. पण बटणं मी शिकवीन, "खरं लिही" कोण म्हणणार त्यांना? मला तुम्ही म्हणालात म्हणून मी सूर्योदयातून बाहेर आलो.

बाई : मोठ्या बाई काही पळून जात नाहीत. इकडे ये आधी. हे एवढं एकच वाक्य कसं पुसायचं?

सर : शब्दावर बोट दाबून धरा. हं. आता हळूच शेवटपर्यंत न्या. घाई नको. आता पुसा.

(बाई टॅबवर एका बोटाने सावकाश लिहितात.)

बाई : ऐक. "पहिल्या दिवशी मी इतकी घाबरले होते की हजेरी संपल्यावर पुढे काय बोलायचं ते आठवेना. म्हणून पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात केली. नशीब, वर्गात कुणाला काही कळलं नाही." उद्या तासाला हेच पडद्यावर लावते. कसं वाटतंय?

सर : शेवटचं वाक्य पुन्हा लिहा.

बाई : का रे? कळलं होतं?

सर : सगळ्यांना. म्हणून तर दुसऱ्या वेळी आम्ही जास्त जोरात "हजर" म्हणालो.