पालकांचा निवासी शनिवार

आदरणीय अध्यक्ष फादर रुमाव, पालक संघाचे अध्यक्ष यज्ञेश्वरराव, आजच्या सत्कारमूर्ती मुख्याध्यापिका सिस्टर ज्योत्स्ना, शिक्षकवृंद, महाड-पोलादपूरहून आलेले पालक आणि खुर्च्या आम्ही बळकावल्यामुळे सतरंजीवर बसलेल्या बालमित्रांनो,

निवेदनात माझी ओळख ‘निवृत्त नायब तहसीलदार’ अशी झाली. ती राहू द्या. मी तिसरीतल्या ओवीची आजी, आणि अलीकडे शांत झोप लागणारी.

निरोपाच्या समारंभात गोड बोलतात, हे मला ठाऊक आहे. पण गेल्या वर्षी याच सभागृहात काय जाहीर झालं? ‘जूनपासून आपली शाळा निवासी होईल.’ टाळ्या कोणी वाजवल्या? आपणच! आपल्या इंटरनॅशनल शाळेतली मुलं रोज संध्याकाळी घरी येतात, हे चारचौघांत सांगायचं कसं? ओवीचं घर तर शाळेपासून हाकेवर. तरी तिचीही पेटी भरायची होती. माझा मुलगा आमोद म्हणाला, “आई, शिस्त लागेल तिला.” मी म्हटलं, “तुला लागली नाही, त्याची शिक्षा तिला का?”

मी सहाव्या वर्षापासून पाचगणीच्या कॉन्व्हेंटात राहिले. इंग्रजी आलं, काटा-चमचा आला. ताप चढल्यावर हाक कोणाला मारायची, ते मात्र तिथे कोणी शिकवलं नाही. म्हणून तडक सिस्टरांकडे गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. त्या एवढंच म्हणाल्या, “आपली रीत विसरलात का? मुलांपुढे जे नवं येणार, ते आधी पालकांनी चाखायचं.”

ही रीत आपण सगळे जाणतो. उपाहारगृहातला पास्ता आधी आपण खाल्ला, म्हणून तर मुलं वाचली! त्याच रीतीने सिस्टरांनी एका शनिवारी विश्वस्तांसकट सर्व पालकांना निवासी विद्यार्थी केलं.

आल्या आल्या मोबाइल जमा. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की बसायचं. एरवी प्रार्थना संपली की मुलं डबे उघडतात आणि दुसऱ्याच्याच डब्यात हात घालतात. कारखान्यातल्या कोरियन साहेबांच्या मुलाला आपली नाचणीची भाकरी लागते. त्या दिवशी डबे नव्हते. रांग, ताट आणि मौन. यज्ञेश्वरराव शेजाऱ्याकडे मीठ मागायला वळले, तर सिस्टर म्हणाल्या, “जेवताना बोलणं नाही.” हसू नका, यज्ञेश्वररावांचा राग अजून गेलेला नाही.

दुपारी कुडपण गावचे भागोजी, म्हणजे अंकिताचे आजोबा, उभे राहिले.

“सिस्टर, मी जाऊ का घरला? म्हस दुसऱ्या कुनाला धार काढू देत नाय.”

“घरच्यांची भेट रविवारी.”

“अवो, पन ती वाट बघत असंल ना!”

“भागोजी, अंकिताही बघेल.”

भागोजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. “मंग नको आपल्याला ती निवासी,” म्हणाले आणि हात वर केला. मागोमाग हात वर होत गेले. विश्वस्तांचेही झाले. आमोदचा शेवटी झाला, पण झाला.

शाळा दिवसाचीच राहिली. काल ओवी घरी आली आणि दप्तर नेमकं दाराच्या वाटेत फेकलं. मी ओरडले. ओरडताना किती बरं वाटलं म्हणून सांगू!

सिस्टर, आपण शाळा का सोडताय, ते आज सकाळीच फादरांकडून कळलं. नन होण्यासाठी आपण पंधराव्या वर्षी वसईचं घर सोडलंत. आई आता नव्वदीच्या आहेत. त्यांच्या घराशेजारच्या कॉन्व्हेंटात राहायची परवानगी आपण मागितली होती, ती परवा मिळाली. रोज संध्याकाळी आईकडे जाता येईल. म्हणजे इतक्या वर्षांनी आपणही डे स्कॉलर झालात!

मला माइक देण्याचं धाडस संयोजकांनी केलं, त्यांचे आभार. माझ्या जिभेची धार पाचगणीच्या नन्सनाही घालवता आली नव्हती. कोणाला लागली असेल तर मोठ्या मनाने पदरात घ्या. आणि सिस्टर, निघा आता वेळेवर. आईंना आमचा नमस्कार सांगा.