मास्तरनं लिहिलेली तारीख

— नाही, पाहा ना, डोळे फाडून पाहा तो दाखला! साळेचा शिक्का आहे का नाही? एक जुलै ब्याण्णव. मोजा आता. अठरा होऊन वर पाच महिने झाले माझ्या मंजूले, माय आहे मी तिची. मंग कायले आले तुमी, मॅडम? मंगळवारी लगन आहे, अंगनात मांडव घालून राहिले, अन् तुमी तालुक्यावरून फाईल घेऊन दारात — म्हने बालविवाह आहे का ते पाहाले आलो! कोनी सांगतलं? बकारामनंच सांगतलं असन, त्याच्या पुतन्याले पोरगी नाही देली म्हनून. बसा, आल्या तं बसा, पन सुपाले धक्का नका लावू, तेंदूपत्ता ओला आहे. माझा हात काही थांबत नाही, बोलता बोलता बिडी वळतोच मी.

बालविवाह म्हने. कोन बाल? हे एकदा तुमी सारे मिळून ठरवा बाप्पा. मंजू धा वर्साची होती तं माझ्या बाजूले बसून बिडीचं तोंड बंद करे — बारीक बोटं, भराभर चालत — तवा एक साहेब आला, तिच्या मांडीवरचं सूप वढलं, म्हने लेकरू आहे, खेळू द्या तिले. त्याच हप्त्यात गोंदियाच्या बसमंधी कंडक्टर म्हने, कायचं लेकरू, पूरा टिकट काढा! बारावं लागलं, न्हान आलं, तं माझी जाऊ रुख्मा म्हने मोठी झाली आता, झाडावर चढाचं नाही, मोठ्यानं हासाचं नाही. अन् औंदा बारावी पास झाली, म्हने मी गोंदियाले नर्सिंग शिकीन, तं तिचा बाप म्हनते, तुले काय समजते, तू लहान आहेस. लहान! अन् त्याच तोंडानं देवरीच्या पाव्हन्याइले म्हनते, पोरगी मोठी झाली, आता घरात ठेवनं बरं नाही. एकच पोरगी, एकच दिवस! ज्याले जसं पुरते तसं तो तिले लहान करते, नाही तं मोठी करते. राग येते मले. तुमचाही येते, खरं सांगतो.

मले कोनी इचारलं होतं का, माझं वय काय म्हनून? चौदा वर्साची आली मी ह्या घरात. लुगड्याच्या ओच्यात पाच खडे बांधून आनले होते, खेळाचे — गोल, चांगले घासून घासून केलेले. सासूनं दुसऱ्याच दिवशी ते बोडीच्या पान्यात फेकले. रडली नाही मी. रडली असती तं लहान ठरली असती, अन् मंग मार भेटला असता.

काय? जन्माची नोंद? कायची नोंद, मंजू घरीच झाली. साळेत नाव टाकलं तीच नोंद. मास्तर घरोघर फिरे पोरं गोळा कराले. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धर म्हने — हात कानाले पुरला तं पोरगं सहा वर्साचं. तारीख सगळ्याइची एकच, एक जुलै. मंजूचा पुरत नव्हता — म्हंजे, पुरला, पुरला! मान थोडी वाकवली मी तिची. इतकी. कोन नाही वाकवत? तिचा बाप उदाराम धानाच्या बांधीत, मी सूप घेऊन, तिच्या मांगं कोन धावन? बोडी घराले लागून, पडली असती तं? त्या बोडीची मले दहशतच आहे. आमी कोहळी, बोड्या बांधनारे लोक, पन पाळ फुटली त्या साली ह्याच घरात कमरेइतकं पानी — मी सातवा महिना घेऊन दिवसभर मयालीच्या लाकडाले धरून उभी, मंजू पोटात लाता मारून राहिली. मंग दिवाळी झाली अन् ती झाली. पाळ नवी बांधली तवा फुटल्याचं साल कोरून दगड बसवला गावानं. मले कुठचं वाचता येते, मंजूनंच वाचून दाखवलं, पहिलीत होती, एकेका आकड्यावर बोट ठेवून — एक, नऊ, नऊ, तीन...

काऊन थांबल्या लिहिता लिहिता?

बोटावर काय मोजून राहिल्या तुमी?

नाही. सही नाही देत मी, अंगठाही नाही. उदाराम जिता ठेवन का मले? मी काही बोललीच नाही. असंच बोलता बोलता... हो, सतरा! सतराच आहे ती, काय करता? सव्वा वरस मीच खाल्लं तिचं, ह्या हातानं मान वाकवून! बापानं नाही, मास्तरनं नाही, मी! परवापासून हळदीचं बोलून राहिले बाया, अन् ती पोरगी मले इचारते, माय, मी खरंच अठराची झाली का वो? अन् मी तिले म्हनलं, झाली.

उठा. निंघा माझ्या घरातून. फाईल घ्या तुमची. अन् सडकेनं नका जाऊ, सडकेवर उदाराम भेटन. पाळीवरून जा. त्या दगडावर कोनी धानाची तनिस टाकली असन, ते बाजूले करजा, मंग दिसते.