नथ घातलेली बिअर

...आणि नथ कशाला? मी म्हणतो, बिअरच्या बाटलीला नथ कशाला? दिवाळीची भेट आहे, मान्य, फार तर एक रिबीन बांधा... पण खणाचं परकर-पोलकं, गळ्यात मोत्यांची लेस, आणि बुचाखाली नथ! आमची उज्वला, म्हणजे आमची बायको, तिचा हात एकदा सुरू झाला की थांबत नाही. टेबलावर ओळीने बाटल्या मांडल्या, तर तुम्हाला सांगतो, हळदीकुंकवाला बायका बसल्यासारख्या दिसत होत्या!

तुम्ही म्हणाल, सोमनाथराव, राहता नाशकात, तिकडे दिंडोरीला हाकेच्या अंतरावर वाइन, मग घरी बिअर करायची अवदसा कुठून आठवली? उत्सुकता हो! मोड आलेले जव उकळायचे, त्यात ती कडू फुलं टाकायची, यीस्ट घालून झाकून ठेवायचं, आणि मग ते पिंपात आपलं आपण बुडबुडतं... का बुडबुडतं? लागतं कसं?

आता म्हणाल, घोट घेऊन बघायचा की! तीच तर गोम आहे. आईनं लग्नाआधी त्र्यंबकेश्वरला नेऊन मला पायरीवर शपथ घ्यायला लावली, थेंब तोंडात घालणार नाही म्हणून. करणार नाही, असं काही मी म्हणालो नव्हतो. तेव्हा केली! पण चव कशी झाली, ते कोण सांगणार? उज्वलाला वासानेच मळमळतं. म्हणून वाटली हो दिवाळीला, लोक पितील आणि मला सांगतील, एवढीच अपेक्षा.

पहिला फोन मेहुण्याला, योगेशला. तो म्हणतो, दाजी, काय सुरेख दिसते, शोकेसमध्ये ठेवलीय! अरे, पण चव कशी आहे? तर म्हणे, नथ काढायची म्हणजे जिवावर येतं.

मग शेजारी समाधानकडे गेलो. सगळी भिस्त त्याच्यावर, कारण तो रोजचा घेणारा. बघतो तर काय, त्याच्या बायकोने लक्ष्मीपूजनाला बाटली पाटावर मांडून तिला हळदकुंकू वाहिलेलं, अक्षता टाकलेल्या! समाधान बिचारा लांबून तिच्याकडे बघतोय, आवंढा गिळतोय...

"पूजलेली वस्तू आहे, सोमनाथ. आता फोडू कशी?"

मग ओटी भर तिची, म्हणालो! पण चव कशी आहे, ते मला कोण सांगणार?

ऑफिसातले रविराज साहेब तर त्याहून वरचढ. मला केबिनमध्ये बोलावलं, मला वाटलं, आता कळणार. तर घसा खाकरून, सगळ्या साहेबी रुबाबात विचारतात, की मॅडमना तशाच आणखी दोन बाहुल्या मिळतील का, भाचीच्या रुखवतात मांडायला. रुखवतात! माझी बिअर लाडवांच्या शेजारी! बाहुली आतून भरलेली आहे, हेसुद्धा त्यांच्या गावी नव्हतं.

मी आशाच सोडली. घरी उरलेली एक बाटली हातात घेऊन बसायचो, उजेडात धरायचो, हलवून फेस बघायचो, परत ठेवायचो... पायरी आठवायची हो!

आणि भाऊबीज उलटल्यावर दिंडोरीहून आईचा फोन. उज्वलाने फराळाच्या डब्याबरोबर तिलाही एक बाटली धाडली होती, शोभेची म्हणून, मला न विचारता!

"सोम्या, त्या भावलीत काय होतं रं?"

जवाचं पाणी, म्हणालो.

"मला वाटलंच. अडकित्त्यानं बूच उडवलं, तर फेस लय आला. मी अन् शेजारच्या भागीबाईनं घेतलं अर्धं अर्धं. झोप झकास लागली."

मला हसावं का रडावं कळेना. पण इतक्या दिवसांची तळमळ, तोंडून निघूनच गेलं... आई, चव कशी होती?

"कडू हाय जरा, पण मागनं गोड लागतं. आजून दोन धाड."

मागून गोड! माझे डोळे भरून आले, खरं सांगतो. म्हटलं, आई, आता तूच घेतलीस, तर माझी शपथ सुटली ना?

"शपथ तू घेतली, सोम्या. म्या नाय."