बारा व्होल्टचा पंखा

"काका, लॅपटॉपच्या यूएसबीवर पंखा लावला तर लॅपटॉप जळतो का?"

दुरुस्तीच्या दुकानातल्या रांगेत पोरीने विचारलंच. ती हे विचारणारच नाही अशी पैज लावणाऱ्या मैत्रिणी दारात तोंड दाबून हसत होत्या. शेजारी आईबाबा होते. तापून बंद पडणारा तिचा लॅपटॉप बाबा आज विकूनच टाकणार होते.

"कुठला पंखा?" मेकॅनिकने विचारलं.

"जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेला. बोटाने ढकलला की कसाबसा फिरतो."

"त्याचं लेबल वाचलंस?"

"बारा व्होल्ट... अरेच्चा! पोर्ट तर पाचच देतो!"

"मग? जळत काही नाही, पण उपाशी बैल नांगराला जुंपतेस होय?"

"पाच व्होल्टचे तीन लावू?"

"एकाला शून्य दशांश दोन अँपिअर लागतो. पोर्ट देतो अर्धा."

"म्हणजे दोनच! तिसऱ्याला पुरायचं नाही."

"शाब्बास! आधी आतली धूळ मात्र काढ. साहेब, एवढं केलंत तर अजून दोन वर्षं सहज चालेल."

"मग तुम्हीच करून द्या," बाबा म्हणाले. "हिच्या हाती दिला तर कल्याणच!"

"आई, बाबा," दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "लॅपटॉप विकायचा नाही. पंखे दोन घ्यायचे, आणि ते मीच बसवणार."