उरलेल्या तेलावर बरफापर्यंत

पिरंगुटच्या भज्यांचं तेल

धोंडाबाई : ...आता फिरवू का कळ?

नलिनी : थांबा वहिनी, इंजिन तापू दे. काटा मधे आला की फिरवायची. सुरू करायचं डिझेलवर, तापलं की घ्यायचं तळणाच्या तेलावर. आणि बंद करायच्या आधी?

धोंडाबाई : परत डिझेलवर. पाठ झालंय मला. वन्सं, आयटीआयमधल्या पोरास्नी बी तुमी असंच छळत हुता का?

नलिनी : छळायचे, तरी विसरायचीच पोरं. तेल नळीत राहिलं आणि गार पडलं, की थिजतं. मग गाडी जागची हलत नाही.

धोंडाबाई : काटा आला मधी.

नलिनी : फिरवा.

धोंडाबाई : फिरीवली. काय बी झालं न्हाई.

नलिनी : काही होऊ नये म्हणूनच एवढी खटपट केली मी.

धोंडाबाई : आगं बया! वन्सं, काच खाली घ्या! वास आला! माज्या गाड्यावरची कांदाभजी!

नलिनी : तुमच्याच कढईतलं तेल ते. दुसरा कसला येणार?

धोंडाबाई : आन् तो फटफटीवाला बघा कसा नाक वर करून मागं लागलाय. अरं बाबा, खायला न्हाई, पुढं जा! ...फोन वाजतोय. तुमच्या भावाचाच असनार.

कुशाबा : कुटं बंद पडलीसा?

धोंडाबाई : भुकूम मागं पडलं.

कुशाबा : ढकलत?

धोंडाबाई : व्हय. तुमची भन ढकलतीया आन् मी हाकतीया.

कुशाबा : बोल, बोल. भिवाजी हितं माज्या शेजारी बसलाय. क्रेन तयार हाय त्याची. जितं थांबलीसा तितनं उचलून थेट त्याच्या भंगारात.

नलिनी : दादा, फोन स्पीकरवर आहे. काय ठरलंय ते भिवाजीसमोर एकदा नीट सांग.

कुशाबा : परत कशाला? बरफ बघून, आपल्या चाकावर दारात आली, तर ही जुनी ट्रक हिची. न्हाई आली तर भिवाजीची. आन् वाटंत पंपावर डिझेल घ्यायचं न्हाई. बारक्या टाकीत हाय तेवढंच, चालू-बंद करायपुरतं.

नलिनी : बरफाचं तूच काढलंस हं. आम्ही महाबळेश्वर म्हणत होतो.

कुशाबा : म्हाबळेश्वरला काय, बैलगाडी बी जाती.

धोंडाबाई : आन् गाडी माजी झाली की मी काय करनार, त्ये बी सांगा की भिवाजीला.

कुशाबा : तूच सांग तुजं.

धोंडाबाई : तालुक्यातल्या सगळ्या वडेवाल्यांचं जळकं तेल गोळा करनार. त्याच तेलावर गाडी पळवनार. आन् ष्टेरिंगवर मी. ...हसतोय कोन? भिवाजी का तुमी?

कुशाबा : भिवाजी.

धोंडाबाई : हसू द्या. पर तुमी एक सांगा. दसऱ्याला टॅक्टर पुजला, फटफटी पुजली, कोयता-विळा पुजला. जिच्यावर भाजी वाहून आपलं घर उभं ऱ्हायलं, तिला झेंडूचं एक फूल न्हाई. नवी आनली तवा तुमीच चाकाखाली लिंबू ठिवलं हुतं ना?

कुशाबा : नवी हुती म्हनून ठिवलं. भंगाराला कोन हार घालतं?

धोंडाबाई : ठिवा फोन. चढ आलाय.

कोट्याच्या कचोरीचं तेल

कुशाबा : हॅलो, माजं धोतर कुटं हाय?

धोंडाबाई : कुठलं?

कुशाबा : जरीकाठी. देवळाचं.

धोंडाबाई : अडचनीत हाय त्ये.

कुशाबा : म्हंजे?

नलिनी : दादा, तेल गाळायला घट्ट विणीचं कापड लागतं. फडक्यातून कचोरीचा चुरा खाली उतरत होता.

कुशाबा : माज्या धोतरातनं कचोरी गाळताय?

धोंडाबाई : लई झ्याक गाळतंय. तेल कसं मधावानी दिसतंय. तुमी नेसला तवा बी एवढं उजळलं नव्हतं.

कुशाबा : नले, तू तरी...

नलिनी : मी नवीन घेऊन देईन. ऐक ना, वहिनींनी काल काय हिंदी झाडली! कचोरीवाल्याला म्हणाल्या, "भैया, तुमारा काला तेल देव, जो फेकनेका है, हमको गाडी को पिलानेका है."

धोंडाबाई : समजलं की त्याला!

नलिनी : समजलं, पण पटलं नाही. त्याला वाटलं, दोघी बायका उपाशी आहेत आणि लाजेनं गाडीचं नाव सांगतायत. त्यानं आधी पोटभर कचोऱ्या खाऊ घातल्या, मगच तेल दिलं.

धोंडाबाई : मग मी त्याला मागं नेलं. म्हटलं, सुंगो. त्यानं सुंगला धूर आन् बायकोला हाक मारली. मग भाऊ आला. मग अख्खी गल्ली. समद्यांनी डबं आनलं. टाकी भरली, वरचं पिंप भरलं.

कुशाबा : ...गाडी तापत न्हाई ना?

धोंडाबाई : का? भिवाजी इचारतोय?

कुशाबा : व्हय. भिवाजीच.

धोंडाबाई : त्याला सांगा, मध्य प्रदेश पालथा घातला, राजस्थान निम्मा झाला. आता दिल्लीला बगल देऊन वर चढनार. जुन्या गाडीला तितं शिरू देत न्हाईत म्हनं.

कुशाबा : बरं. सांगतो.

तेल नाही

नलिनी : अजून एकदा मारा.

धोंडाबाई : मारला. नुस्ती खोकतीया.

नलिनी : पुरे. बॅटरी जाईल. ...वहिनी, काल संध्याकाळी बंद करताना कळ फिरवली होतीत ना?

धोंडाबाई : वळन आलं. वळनावर त्यो डोंगर समोर आला, पांढराफेक. माजे हातच जोडले गेले वन्सं. शंकराचं सासर हाय त्ये! आन् देवाम्होरं इंजिन चालू ठिवायचं न्हाई, ही आपल्या घरची रीत. ताम्हिणीत विंझाईच्या देवळापुढं तुमचा भाऊ भर पावसात इंजिन बंद करायचा. मी बी केलं. चावी काढली आन् खाली उतरले.

नलिनी : कळ न फिरवता.

धोंडाबाई : कळ न फिरवता.

नलिनी : आणि वाटेतल्या फरसाणवाल्याचं पामतेल होतं टाकीत. हे बघा. नळी वाकवून बघा. लोणी झालंय आत.

धोंडाबाई : रागवा की. गप नगा बसू.

नलिनी : रागावून वितळणार असतं तर मनालीपासून रागावले असते. ...ऐका. खाली पंप आहे. मी कॅन घेऊन जाते. डिझेलनं सगळी नळी धुऊन काढू, सुरू करू, निघू. दादाला काय कळणार आहे?

धोंडाबाई : मला कळंल की.

नलिनी : वहिनी, गाडी इथेच राहिली तर?

धोंडाबाई : ऱ्हायली तर ऱ्हायली. पर चोरून न्हेली तर ती माजी न्हाई व्हनार. दारात उभी ऱ्हाईल, आन् रोज सकाळी मी तिच्याकडं बघनार न्हाई.

नलिनी : मग काय करायचं? सांगा ना! माझी अक्कल गोठलीय, बोटंसुद्धा.

धोंडाबाई : थंडीत खोबरेल थिजलं तर काय करता तुमी?

नलिनी : बाटली गरम पाण्यात... वहिनी, ही बाटली नाही, ट्रक आहे.

धोंडाबाई : मग पानी जास्त लागंल. त्या च्यावाल्याकडं भलामोठा बंब हाय.

नलिनी : थांबा, थांबा. एकदम उकळतं नको, नळी तडकेल. आधी कोमट, मग गरम. फिल्टर मी खोलते, तो पातेल्यात बुडवू. नळ्यांना फडकी गुंडाळून त्यावर पाणी. आणि वर गोधडी, म्हणजे ऊब टिकेल.

धोंडाबाई : हां! आली बघा अक्कल जाग्यावर.

नलिनी : फोन वाजतोय तुमचा.

धोंडाबाई : घेते. ...हॅलो. व्हय. पोचलो. बरफ बघितलं. गाडी बंद हाय.

कुशाबा : ...बंद म्हंजे?

धोंडाबाई : बंद म्हंजे बंद. माजी चूक झाली. कळ फिरवायची ऱ्हायली. सांगा भिवाजीला, काय सांगायचं त्ये.

कुशाबा : का ऱ्हायली?

धोंडाबाई : देव दिसला म्हनून इंजिन बंद केलं. तुमच्यावानी.

कुशाबा : काय करताय आता?

धोंडाबाई : तिला न्हाऊ घालतोय.

कुशाबा : कडत पानी अंगावर सांडून घेऊ नगंस.

धोंडाबाई : बरं. ठिवते.

कुशाबा : ठिवू नगंस. फोन तितंच कुटंतरी ठिव. चालूच ऱ्हाऊ दे.

धोंडाबाई : कशाला?

कुशाबा : असंच.

नलिनी : वहिनी, फिल्टर झाला! तेल पळतंय, बघा, पिवळंधम्मक! गोधडी दाबून धरा. अजून एक हंडा. ए भैया, और एक! हां. चढा वर. कळ कुठे आहे?

धोंडाबाई : डिझेलवर.

नलिनी : टाकीत तळ दिसतोय. एकदाच मारायचं. लागलं तर लागलं.

धोंडाबाई : विंझाईमाते...

*(इंजिन खोकतं, पुन्हा खोकतं, आणि धडधडू लागतं.)*

कुशाबा : ऐकलं का रं भिवाजी? ऐकलं का? उठ. उठ म्हनतो खुर्चीवरनं!

मोहरीचं तेल

धोंडाबाई : वन्सं, जागं व्हा. उतार संपत आला.

नलिनी : मी झोपले होते? किती वेळ?

धोंडाबाई : लई. घोरत हुता. इंजिनाला जोड दिली.

नलिनी : बंद नाही ना केलीत कुठे?

धोंडाबाई : कशी करीन? डिझेल संपलंय. मंडी गावात च्या पिला त्यो बी ही चालू ठिवून, आन् येका हातानं दार धरून. वाटंत दोन देवळं लागली. खिडकीतनंच सांगितलं, देवा, आज माफी कर, बाई घाईत हाय.

नलिनी : आणि वर आपल्याला तेल दिलेला तो पकोडेवाला?

धोंडाबाई : त्याचंच तेल जळतंय. मोहरीचं. आपलं पामतेल उपसून टाकलं, तर तितल्या कुत्र्यानं बी हुंगलं न्हाई; हे मातूर थंडीत बी पाण्यावानी वाहतंय. वासानं डोळ्यात पानी येतंय तेवढंच.

नलिनी : मोहरीनं?

धोंडाबाई : मग कशानं? तुमी बी ना!

नलिनी : वहिनी, खाली ऊन आहे. सपाटीला ऊन लागलं की मोहरीवरसुद्धा सुरू होईल बघा, डिझेलशिवाय. गरम हवेत चालतं. मी आत्ता तेच म्हणणार होते.

धोंडाबाई : घोरता घोरता?

नलिनी : घोरता घोरताच सुचलं. आता सरका. मी चालवते, तुम्ही पाय मोकळे करा.

धोंडाबाई : न्हाई. पुढच्या नाक्यापत्तूर मीच. ह्ये टपरीवालं बघा कसं बघायलेत. बघा म्हनावं! मुळशीची बाई हाय!

आपलंच तेल

कुशाबा : कुटं आलीसा?

धोंडाबाई : पिरंगुट नाक्यावर. माज्या गाड्याम्होरनं चाललोय. धुराचा वास आला म्हनून समदी बाहेर आल्यात. हात वर करून पोरी नाचत्यात!

नलिनी : बसवाला सुद्धा बाजूला घेतोय, दादा! वाट देतोय!

कुशाबा : ओरडू नका, मला हितनं ऐकू येतंय.

धोंडाबाई : वाटंत पंपावर गेलो न्हाई. एक थेंब घेतला न्हाई. इचारा तुमच्या भनीला.

कुशाबा : मी इचारलं का?

धोंडाबाई : भिवाजी हाय का क्रेन घेऊन?

कुशाबा : हाय. पर क्रेन न्हाई. हार धरायला बोलावलंय.

नलिनी : झेंडूचा? आत्ता?

कुशाबा : मंडईत मिळतो, पैशे दिलं की. बोलत बसू नका, वळा आत. वळा.

धोंडाबाई : वळले. ...आगं बाई, केवढी मानसं.

नलिनी : कळ?

धोंडाबाई : डिझेल न्हाई, कळ तेलावरच हाय. आता आपल्याच मुलखातलं तेल, हितल्या उन्हात थिजत न्हाई. ...आवं, आले दारात. करू का बंद?

कुशाबा : थांब. बंद करू नगंस. चाकाखाली लिंबू ठिवलंय.