सेमिसीच्या ओटीवरची तपासणी

—नाही नाही, नर्सबाई, तुझी ती कॅन्सरची तपासणी चांगलीच असेल, मी वाईट कुठे म्हटलं? बस तू. तिथे नको, चटया विणायच्या केवड्याच्या ओल्या पाती आहेत, स्कर्टला डाग पडेल. हां, इथे. सकाळपासून एकही बाई आली नाही म्हणून तोंड पाडून बसलीस होय? कशी येईल? काल चर्च सुटल्यावर तू हॉलमध्ये उभी राहिलीस आणि माइकवरून—माइकवरून गं!—बायकांच्या आतल्या जागेचं नाव घेतलंस. भाऊ बसलेत, बहिणी बसल्यात, सगळे समोरासमोर. आम्ही उठून गेलो त्याचा तुला राग आला. अगं, टोंगात बहीण खोलीत आली तर भाऊ टीव्हीसुद्धा बंद करतो. तुझी आई इथलीच ना? ऑकलंडला नेऊन एवढंही शिकवलं नाही तुला?

आणि वर तपासणीचे पडदे लावलेस ते कुठे—तर गावप्रमुखाच्या ओटीवर! घर मोठं आहे, पंखा आहे, कबूल. पण तो गावप्रमुख, सेमिसी, माझा सख्खा भाऊ. नि अर्ध्या गावाचा चुलत, मावस, आते—आमच्यात ते सगळे भाऊच. आम्ही त्याच्या दारात रांग लावायची, आणि तो समोर बसून नारळ सोलणार? जीव गेला तरी—

बोलायची रीत गं ती. फुसी, माझी थोरली बहीण, गेली तशीच, कुणाला न दाखवता, पण ते वेगळं. वेगळं कसलं—तेच. शेवटी खोलीला वास यायचा, आम्ही फुलांचं तेल ठेवायचो उशाशी. कुणी काही बोललं नाही. तिनेही नाही.

थांब, गाडी वाजली का? नाही. वारा.

एक विचारू? एखादीची पाळी जाऊन दोन वर्षं झाली, आणि आता परत... थोडंसंच. विणायला बसलं की धड मांडी घालवत नाही. कोण म्हणजे? आहे एक. कालच चादर भिजत घातली मी तिसऱ्यांदा—

झालं. ऐकलंस. आता डोळे मोठे करू नकोस.

कळतंय मला, तुझ्या पडद्याआड हे भागायचं नाही, डॉक्टरच हवा. पण हॉस्पिटल बेटाच्या त्या टोकाला, बसच्या धक्क्यांत मला बसवत नाही, आणि गाडी म्हणशील तर एकच, सेमिसीची. तो विचारेल, काय झालं तुला—काय सांगू? महिनाभर पात विणतेय आणि उत्तर शोधतेय. पोट दुखतंय म्हणावं, तर कुठे दुखतंय—

विचारेल... विचारेल का गं? तो? त्याला विचारता कसं येईल! भाऊ आहे तो. बहिणीच्या दुखण्याचं नाव त्याच्या तोंडून निघायचंच नाही. आणि बहिणीने गाडी मागितली तर नाही म्हणायची सोय नाही त्याला; आमच्यात बहीणच वरची. अरे देवा. महिनाभर मी कशाला घाबरत होते?

तू असं कर. त्याला नको, माझ्या वहिनीला गाठ. विका नाव आहे तिचं; मागच्या दाराने जा, चुलीपाशी असेल. म्हणावं, लेसिएलीला—मला गं—हॉस्पिटलात न्यायचंय. एवढंच, पुढे चकार शब्द नको. आणि तुझे ते पडदे काढ तिथून, आमच्या विणायच्या शेडमध्ये लाव, तिकडे पुरुष फिरकत नाहीत. बाकीच्यांना मी आणते.

—पाती राहू दे, मी आवरते. चहा नंतर. अगं, संध्याकाळी नको, संध्याकाळपर्यंत मीच नाही म्हणेन. हसतेस काय? ऊठ. जा म्हणते ना!